आषाढात मासे खायला गोव्याला

सावंतवाडीच्या स्टँडवर चहा घेता घेता मामा चहावाल्याला म्हणाले, "मासं खायला चाललोय गोव्याला." त्याने एकदा धो धो पावसाकडे बघितलं, एकदा आमच्याकडे, आणि गाळणी झटकत म्हणाला, "मग ऑगस्टात परत या हां."

तेव्हा ट्यूब पेटली. लॉज, गाड्यांच्या वेळा, रेनकोट सगळं बघून ठेवलं होतं. दर्या बघायचा राहिला होता. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना मासेमारीला बंदी असते, माशांच्या विणीचा काळ म्हणून. कोल्हापुरातल्या माणसाने हे पेपरात दरवर्षी वाचलेलं असतं, पण जुलैत रजा मंजूर झाली की आठवत नाही.

मामा एसटीत कंडक्टर होते. निवृत्त झाल्यापासून कुठेही गेले तरी खिशात वही असते: तारीख, ठिकाण, पैसे. या खेपेचे नियम त्यांनीच घातले होते. दोघांचं मिळून दिवसाचं खाणं आठशे रुपयांत बसवायचं, आणि दारात इंग्रजी मेनूकार्ड घेऊन पोरगा उभा असेल तिथे शिरायचं नाही. पहिल्याच दिवशी दोन्ही नियम मोडले.

गुरुवार: सोंपलें

आंबोलीत ढग गाडीच्या आत आले होते. बांदा, पत्रादेवी, म्हापसा करत पणजीला उतरलो तेव्हा अडीच वाजले होते, लॉजवर बॅगा टाकून बाहेर पडेपर्यंत तीन. मळा नावाच्या भागातल्या एका खानावळीत शिरलो. गल्ल्यावरच्या माणसाने मान वर न करता सांगितलं, "सोंपलें." पुढच्या खानावळीत खुर्च्या उलट्या होऊन टेबलांवर चढलेल्या. "सोंपलें." तिसरीचं शटर अर्धं खाली होतं. आत एक बाई फरशी पुसत होती, तिने नुसताच हात हलवला.

संपलं. पणजी जेवून झोपली होती. गोव्यातली दुपारची झोप ऐकून होतो, पण ती थट्टेत सांगतात तशी काही गोष्ट असेल असं वाटलं होतं. खरंच झोपतात. औषधाचं दुकानही बंद होतं.

भुकेपुढे माणसाची अक्कल चालत नाही. नदीकडच्या रस्त्यावर एक काचेचं, थंडगार हॉटेल उघडं दिसलं. दारात मेनूकार्ड घेऊन पोरगा उभा होताच. तळलेलं पापलेट सातशे रुपये. बाहेरून छान कुरकुरीत, आतून बर्फाची चव. भर बंदीत हे पापलेट आलं कुठून, हा प्रश्न ताट रिकामं झाल्यावर सुचला. मामांनी वहीत 'पापलेट ७००' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या, ड्यूटी संपल्यावर वेबिलाच्या शेवटी मारतात तशा.

साडेचारला शटरं वर गेली. कोपऱ्यावरच्या हॉटेलात मिरची आली. मिरची म्हणजे लांबडी, बेसनात तळलेली, चहाबरोबर. दोघांचे साठ रुपये. मामा म्हणाले, "दीड तास थांबलो असतो तर साडेसहाशे वाचले असते."

खरी मजा रात्री होती. सातनंतर पणजीत गाडे लागतात. कोकणीत 'गाडो' म्हणजे आपली हातगाडीच, पण शब्द काढला की लोकांच्या डोळ्यांसमोर रोस ऑम्लेट येतं. कांपालच्या बाजूला एका गाड्यावर निळं ताडपत्रीचं छप्पर होतं, एक पिवळा दिवा, आणि त्याखाली आठ-दहा माणसं अंग चोरून उभी. गाड्यावर नवरा-बायको. बायको स्टीलच्या पेल्यात दोन अंडी फोडून त्यात कांदा, मिरची, कोथिंबीर टाकून काट्याने खडखड फेटते, नवरा तव्यावर ओततो, दुमडतो, ताटलीत टाकतो. मग शेजारच्या ॲल्युमिनियमच्या टोपाचं झाकण निघतं आणि शागोतीचा, म्हणजे भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटणातल्या कोंबडीचा रस्सा, म्हणजेच 'रोस', एक मोठा डाव भरून ऑम्लेटवर पडतो. ऑम्लेट दिसेनासं होतं. वर बारीक कांदा, लिंबाची फोड, बाजूला दोन पाव.

मामांनी पहिला घास घेतला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "दगडफूल हाय ह्यात." आमच्या घरच्या मसाल्यात असतं, म्हणून त्यांना लगेच लागलं. भाजलेलं खोबरं, खसखसही ओळखली. पण एक वास काही केल्या सापडेना. शेवटी गाडेवालीला विचारलं. "जायफळ," ती म्हणाली. मामांना ते पटलं नाही. जायफळ श्रीखंडात घालतात, कोंबडीच्या रस्श्यात कोण घालील? दुसरा पाव मागून त्यांनी पुन्हा खात्री करून घेतली.

एवढ्यात गाडेवाल्याने केरसुणीचा दांडा उचलला. आजूबाजूचे सगळे, हातातल्या ताटल्यांसकट, न बोलता एक पाऊल मागे सरले. आम्ही दोघे तिथेच उभे. त्याने दांड्याने ताडपत्रीला खालून ढोसलं आणि वर साचलेलं बादलीभर पाणी बरोबर मामांच्या खांद्यावर आलं. कुणी हसलं नाही. एकाने फक्त सरकून जागा करून दिली. रोस ऑम्लेट आम्हाला ऐंशी रुपयांना पडलं. ऑम्लेट नको असेल तर नुसता रोस-पाव मागता येतो, तो बराच स्वस्त. पावसाळ्यात केरसुणीवर लक्ष ठेवा.

शुक्रवार: भाजी, बाजार आणि 'भायली' सुरमई

सकाळी सहाला खिडकीखाली 'पों पों' ऐकून मामा ताडकन उठून बसले. मला वाटलं स्वप्नात गाडी सुटली. खाली पदेर, म्हणजे पाववाला, होता, सायकलच्या हँडलला रबरी भोंगा आणि मागे प्लास्टिकने झाकलेली भली मोठी टोपली. लॉजवाल्याची आई दारात पिशवी घेऊन उभी होती. आम्हीही उतरलो.

पाव म्हणजे पाव, एवढंच आमचं ज्ञान. आजींनी टोपलीतून एकेक उचलून दाखवलं. हा उंडो: गोल, वरून कडक. ही पोई: कोंडा लावलेली, चपटी, आत पोकळ, फाडली की खिसाच. हा कात्रे पाव, कात्रीने कापलेला. आणि हे कांकण, बांगडीसारखं वाटोळं, चहात बुडवायला. आजी घरात कोकणी बोलत होत्या, आमच्याशी मराठी, आणि काखेत 'नवप्रभा' या मराठी पेपरची घडी. त्यांच्या लहानपणी पीठ माडाच्या सुरेने फुगवायचे, म्हणाल्या. आता बहुतेक सगळीकडे यीस्ट. "वास गेला," एवढंच म्हणून पिशवी घेऊन आत गेल्या. पाव हा शब्द पोर्तुगिजांचा, पदेरही त्यांचाच. ते १९६१ साली गेले, भोंगा अजून वाजतोय.

नाश्त्याला बाहेर पडलो तेव्हा आदल्या दिवशीची अद्दल लक्षात होती, म्हणून साडेसातलाच. पणजीत भाजी-पावासाठी कुणालाही विचारा, दोन नावं हमखास येतात: कॅफे भोंसले आणि कॅफे टॅटो. दोन्हीकडे शाकाहारी, दोन्हीकडे अनोळखी माणसांबरोबर टेबल वाटून घ्यायचं. आमच्या समोर कोर्टात निघालेला एक काळा कोट बसला होता. आम्ही भिंतीवरची पाटी वाचत बसलेले बघून त्यानेच आमची ऑर्डर दिली: "दोन मिक्स." मिक्स म्हणजे खाली बटाट्याची सुकी भाजी आणि वर वाटाण्याची पातळ भाजी. पातळ भाजीला खोबऱ्याचं वाटण असतं, तिखट बेताचं. कोल्हापूरच्या जिभेला पहिले दोन घास सपक वाटतात, तिसऱ्यापासून खोबऱ्याची गोडी कळायला लागते. मामांची तक्रार वेगळी होती. आमच्याकडे मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड असतो, तो रस्सा पिऊन मऊ पडतो. गोव्याचा पाव मात्र रस्श्यात बुडवला तरी आपला आकार सोडत नाही. "ह्याला वळण हाय," ते म्हणाले. तक्रार होती की कौतुक, मला अजून कळलेलं नाही. वर एक बन घेतला, पिकलेल्या केळ्याचा, किंचित गोड, पुरीसारखा फुगलेला. दोघांचं सगळं मिळून एकशे साठ. साडेदहानंतर गेलात तर मिक्समधलं एक काहीतरी सोंपलेलं असतं.

शुक्रवार म्हापशाचा. आठवड्याचा बाजार आहे म्हणून तर शुक्रवार धरून आलो होतो. पणजीहून तेरा-चौदा किलोमीटर, गाड्या सारख्या असतात.

पावसात बाजार निम्मा असेल असं वाटलं होतं, पण प्रत्येक पसाऱ्यावर छत्री बांधून सगळ्या बाया हजर. मोयऱ्याची लांबलचक केळी, माडाचा काळा गूळ, बाटल्यांतून सुरेचा विनेगर, सुकी सोलं, लाल काणकोणी मिरच्या. चोरिसाच्या, म्हणजे गोव्याच्या सॉसेजच्या, माळा तर दुरून देवळापुढच्या रुद्राक्षांसारख्या टांगलेल्या दिसतात. जवळ गेलं की मिरची-विनेगरचा वास नाकात जातो आणि देऊळ विसरायला होतं. एका कोपऱ्यात पानांवर रानातली आळंबी मांडली होती, वारुळांवर उगवणारी. मामांनी भाव विचारला. बाईने सांगितला. मामांनी पान होतं तसं, दोन्ही हातांनी, परत खाली ठेवलं.

मामांना आवडली सुक्या मासळीची ओळ. पावसाळ्याची बेगमी इथे मे महिन्यातच भरून ठेवतात, तिला 'पुरुमेंत' म्हणतात. बांगडे, बोंबील, आणि गालमो म्हणजे नखाएवढं सुकं कोळीम. विकणाऱ्या मावशीने मूठभर गालमो हातावर ठेवला. "खोबरें घाल, कांदो घाल, आमसूल घाल. किसमूर जाली." मामांनी अर्धा किलो घेतला. मी म्हटलं, मामा, हे घेऊन एसटीने जायचंय. "बघू," म्हणाले.

जेवायला मात्र सव्वाबाराला पोचलो. बाजारामागची खानावळ, सहा टेबलं, फळ्यावर खडूने 'शीत-कडी', म्हणजे भात-आमटी. वाढप्याने आधी मामांच्या केसांकडे आणि मग पिशवीतून येणाऱ्या वासाकडे बघितलं, आणि खरं सांगितलं: "सुरमय आसा, पूण ती भायली." भायली म्हणजे बाहेरची. पूर्व किनाऱ्यावरची बंदी १५ एप्रिलला सुरू होऊन १४ जूनला संपते. त्यामुळे जुलैत तिकडची मासळी बर्फातून ट्रकने इकडे येते. आदल्या दिवशीच्या सातशे रुपयांच्या पापलेटाचं गावही तेच असावं. "मग हांगाचें कितें?" मामांनी विचारलं. सकाळपासूनच ते कोकणी बोलायला लागले होते, एसटीत सगळ्या भाषा येतात म्हणे. "खाडयेचो शेवटो."

शेवटो हा खाडीतला मासा, यांत्रिक बोटीशी त्याचा संबंध नाही. जाळं टाकून पकडतात. थाळीचं मांडण असं: उकड्या तांदळाचा भात, त्यावर ओढायला हुमण म्हणजे माशाची आमटी, रव्यात घोळून तळलेला शेवट्याचा तुकडा, किसमूर, कसलीशी पालेभाजी आणि वाटीत सोलकढी. हुमणात तेफळं, म्हणजे आपली तिरफळं, होती. एक चुकून चावलं आणि जिभेचा शेंडा पाच मिनिटं बधिर झाला. तेफळ काढून ठेवायचं असतं, हे शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी नंतर सांगितलं. मामांनी किसमूर तीनदा मागून घेतली. सुरमई खाल्ली नाही याचं वाईट वाटलं नाही. थाळी एकशे ऐंशीला. ऑगस्टात जे मिळतं ते वेगळं असेल, पण बंदीत गेलात तर 'आज काय आहे' एवढं विचारून भागत नाही. 'इथलं काय आहे' असं विचारा. खोटं बोलायला कुणी येत नाही, निदान खडूच्या फळ्यांपाशी.

संध्याकाळी पणजीच्या फेरीबोटीने उगाच नदीपलीकडच्या बेतीला जाऊन आलो. पायी जाणाऱ्याला तिकीट नाही, हे मामांच्या तत्त्वात बसेना. दोनदा विचारून खात्री केली. कठड्याला टेकलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी पुलाकडे बोट केलं: १९८६च्या जुलैत मांडवीचा जुना पूल कोसळला, तेव्हा सगळा गोवा या फेऱ्यांवरच होता. तासन् तास रांगा. रांगेत भजीवाल्यांनी घरं बांधली, असं म्हणून ते हसले. फोंतेन्यश या पणजीतल्या जुन्या वस्तीच्या गल्लीतून परतताना बेकरीतून दोन बोलिन्हा घेतल्या, खोबरं-रव्याच्या, खुसखुशीत. त्या लॉजवर पोचेपर्यंत टिकल्या नाहीत. त्या दिवशीचा हिशेब आठशेत बसला, गालमो सोडून. गालमो मामांनी 'इतर' खाली घातला.

शनिवार: कंडक्टर नसलेली गाडी

मडगावला कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या एसटीच्या, शटलने जायचं. तिकीट स्टँडवरच्या खिडकीवर काढायचं, रांगेने चढायचं, गाडी मध्ये कुठे थांबत नाही. आणि आत कंडक्टर नसतो. मामा पहिल्या सीटवर बसले आणि सबंध तेहतीस किलोमीटर मागे वळून वळून बघत राहिले. झुवारीवरच्या नव्या पुलाकडेसुद्धा बघितलं नाही. मडगावात उतरताना ड्रायव्हरला म्हणाले, "एकटं वाटत नाही?" त्याने खांदे उडवले.

पाऊस असा होता की मडगावचं मी फारसं काही सांगू शकत नाही. जुन्या बाजाराच्या छपराखाली दोन तास काढले. तिथल्या बोळात चोरिस-पाव खाल्ला. चोरिस डुकराचं, मामा म्हणाले, "तू खा, मी बसतो." कांद्याबटाट्याबरोबर परतलेलं, लाल तेल सुटलेलं, पोईच्या खिशात भरून दिलं. आंबट, तिखट, आणि पोईला जे तेल लागतं ते चाटण्यासारखं. मी खात असताना मामांनी पोईचा रिकामा कोपरा तोडला, तेलात बुडवला आणि तोंडात टाकला. "नुसता पाव हाय," ते म्हणाले. मी काही बोललो नाही. असे चार कोपरे गेले.

मामीसाठी खाजं घेतलं, गूळ-आल्यात घोळलेल्या बेसनाच्या कांड्या, जत्रेत असतात ते. दोदोल, म्हणजे नारळ-गुळाची मऊ मिठाई, पण घ्यायचा होता, पण दुकानदाराने प्रामाणिकपणे सांगितलं की या हवेत बुरा येईल. दोनला पाच मिनिटं कमी असताना एका खानावळीच्या दारात पोचलो. गल्ल्यावरची बाई तोंड उघडायच्या आत मामांनीच विचारलं, "सोंपलें?" ती दचकली. मग म्हणाली, "दोन पात्रां आसात." शाकाहारी होती, खतखतें म्हणजे मिसळीची भाजी, आणि आळसांद्यांचं तोणाक म्हणजे चवळीचा रस्सा. खतखत्यातला कंद, शेंग, सुरण, मका असं सगळं मोजत बसलो आणि नवापर्यंत येऊन सोडून दिलं. त्यातही तेफळ होतं. या वेळी ओळखलं.

रविवार: उंडे

रविवारी पणजीत नाश्ता मिळेल असं धरून चालू नका. आम्ही धरून चाललो. चर्चच्या पायऱ्यांपासून स्टँडपर्यंत तीन बंद दारं बघितली आणि परत लॉजवर आलो. आजींनी न विचारता कांकणं आणि चहा पुढे केला. मामांनी पैसे काढले, त्यांनी हात मागे घेतले. मग मामांनी खाजाच्या पुड्यातलं अर्धं खाजं त्यांना दिलं. मामीला हे अजून माहीत नाही.

निघताना पदेराकडून वीस उंडे घेतले. ते गाडीत मांडीवर, आणि गालमो बॅगेच्या तळाशी, तीन पिशव्यांत, वरून टॉवेल. आंबोलीच्या घाटात काचा बंद झाल्या. पाचेक मिनिटांनी मागच्या सीटवरची बाई चुळबुळली. मग पुढचा माणूस मागे वळला. कंडक्टर तिकिटं तपासत तपासत आला आणि आमच्यापाशी थांबून हवा हुंगली. मी मामांकडे बघितलं. इतकी वर्षं या माणसाने सुक्या मासळीची पिशवी घेऊन चढणाऱ्या प्रत्येक मावशीला 'टपावर टाका, नाहीतर उतरा' म्हणून सांगितलेलं.

"वास कशाचा येतोय हो?" कंडक्टरने विचारलं.

"पावसाचा," मामा म्हणाले, आणि त्याच्या हातात एक उंडा ठेवला.